नमुना घेतला, माणूस राहिला

महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मध्यरात्री पोलीस एखाद्या झिंगलेल्या माणसाला घेऊन आले, तर पुढे काय करायचे याविषयी आपला कायदा जराही गोंधळलेला नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यातले कलम १२९-अ आणि १९५९चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे नियम सगळे सांगून ठेवतात. तपासणी कोणी करायची, रक्त कोणी काढायचे, कोणता फॉर्म भरायचा, कुपीला सील कसे लावायचे, ती प्रयोगशाळेकडे कशी धाडायची, यातले काहीही डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही. शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मद्यार्क निघाला, तर तो औषधातून किंवा अन्य कायदेशीर मार्गाने पोटात गेला हे शाबीत करण्याचा भारही त्या माणसावरच येतो. आता तोच माणूस दोन दिवसांनी त्याच दारात आला असे समजू. या वेळी तो प्यायलेला नाही. दारू मिळाली नाही म्हणून त्याचे हात थरथरत आहेत, अंगाला दरदरून घाम आहे, भिंतीवर साप दिसत आहेत आणि वाटेत त्याला एक झटका येऊन गेला आहे. या माणसाचे काय करायचे, कोणते औषध किती वेळात सुरू करायचे, नाही केले तर कोणी जाब द्यायचा, हे त्याच नेमकेपणाने सांगणारा नियम राज्यात नाही. पहिल्या रात्री नमुना घेतला जातो. दुसऱ्या रात्री माणूस राहून जातो. या पुस्तकाचा विषय या दोन रात्रींमधले अंतर हा आहे. ते अंतर डॉक्टरांच्या चांगुलपणावर न सोपवता कायद्याने आणि सरकारी पैशाने भरून काढले पाहिजे, असे ही प्रस्तावना मांडते.

हा विषय चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून मांडण्यामागे कारण आहे. दारूविषयी इतका कायदा आणि इतके आंदोलन महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच झाले असेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा पुढच्या दहा-अकरा वर्षांत दारूमुक्तीच्या चळवळीने ढवळून निघाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, गावोगावच्या बाया, आदिवासी कार्यकर्ते यांनी लावून धरलेल्या मागणीतून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरचा लढा नंतरचा. डिसेंबर २०१०मध्ये श्रमिक एल्गारच्या अॅड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून पायी निघून नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले, समिती नेमली गेली आणि अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा कोरडा झाला. सहा वर्षांनी रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेत मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती बंदी उठवली. वैनगंगेच्या एका काठावर दारू बेकायदा आणि दुसऱ्या काठावर परवान्याची, अशी स्थिती तेव्हापासून आहे. बंदीच्या बाजूने आणि विरोधात जे काही बोलायचे ते या दोन जिल्ह्यांत बोलून झाले आहे. एवढ्या बोलण्यात बाटली कुठे विकावी, विकावी की नाही, पकडली तर किती शिक्षा, हे प्रश्न आले. ज्याच्या शरीराला बाटलीशिवाय चालेनासे झाले आहे, त्याच्यासाठी सरकारी रुग्णालयाने कोणत्या वेळी काय करणे बंधनकारक आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या मधून निसटला.

तो निसटण्याची किंमत काय असते, याचे उदाहरण वर्धा नदीपलीकडेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूऐवजी सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच्या आदल्या वर्षी, देशभरच्या पहिल्या टाळेबंदीत, केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २ एप्रिल २०२० रोजी त्याला स्थगिती दिली. दोन्ही घटनांत बंदी तात्पुरती होती आणि तिचा हेतू दारूविरोधी नव्हताच. तरी पुरवठा अचानक तुटला की अवलंबून असलेल्या माणसाच्या शरीरात काय होते, हे त्यांनी उघड केले. वणीच्या माणसांपुढे वाट शोधली तर दोनच होत्या: काहीतरी पिणे किंवा तडफडणे. तिसरी वाट रुग्णालयातून जाते, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे दिसत नाही. सांगितले असते, तरी त्या वाटेच्या टोकाला दार उघडे असेलच याची हमी कोणताही नियम देत नव्हता.

वैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर हे दार उघडणे मुळीच अवघड नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, माणसे ओळखू येत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो. वेळेवर उपचार झाला तर बहुतेक जण वाचतात. उपचार तरी कोणता? डायझेपाम किंवा लोराझेपामसारखे शामक ठरलेल्या मात्रेत, पुरेसे पाणी आणि क्षार, आणि थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. कुपोषित मद्यपीला थायामिन न देताच ग्लुकोजची बाटली लावली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ही सगळी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. खरी अडचण ओळखण्यात आहे. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. तिथे ताप आणि बरळणे दिसले की मलेरिया मेंदूत गेला असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आणि योग्यच आहे. दुचाकीवरून पडलेल्याच्या तोंडाला दारूचा वास आला की उलट चूक होते. ‘प्यायलाय, उतरेल’ म्हणून त्याच्या डोक्यातला रक्तस्राव नजरेआड होतो. घरच्यांना दारू सुटल्यावरचा भ्रम भूतबाधेसारखा वाटला, तर ते आधी पुजाऱ्याकडे जातात. त्यामुळे दारूचा इतिहास विचारणे हा आकस्मिक विभागात नैतिक प्रश्न ठरत नाही. रक्तदाब मोजण्याइतकाच तो निदानाचा भाग आहे.

अपघात विभागच का, असे कोणी विचारेल. व्यसनमुक्ती केंद्रे आहेत, शिबिरे आहेत, गडचिरोलीत तर २०१६ पासून सरकार, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम तालुक्यातालुक्यांत काम करतो आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने तर व्यसनी माणसाकडे पाहण्याची महाराष्ट्राची नजरच बदलली. या कामाचे मोल वादातीत आहे. पण केंद्राचे दार ठोठावण्यासाठी आधी आपण आजारी आहोत हे माणसाला पटावे लागते, आणि या आजाराचे पहिले लक्षणच ते न पटणे हे आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे अडतीस जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर एकशे ऐंशींत एक. उरलेले सदतीस जण कुठे भेटतात? ते डोके फुटून, झाडावरून पडून, रक्ताची उलटी होऊन, झटका येऊन, घरच्यांशी भांडणात विष पिऊन रुग्णालयात येतात. व्यसनाविषयी बोलायला ते येत नाहीत, पण येतात स्वतःच्या पायांनी किंवा १०८च्या गाडीने. शिवाय त्या रात्री त्यांना आणि त्यांच्या बायकोला आपले काय चालले आहे याची जी जाणीव असते, ती आठवड्याने टाके काढताना राहत नाही. सरकार आणि मद्यपी यांची समोरासमोर गाठ पडण्याची ठरलेली जागा म्हणून दोनच खोल्या आहेत. त्यातली एक पोलीस ठाण्यात आहे. दुसरीत औषधाचे कपाट असते.

त्या खोलीत दिलेले थोडेसेही वाया जात नाही, याला पुरावा आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या मोठ्या अपघात केंद्रात जखमी मद्यपींशी एकदाच, जेमतेम अर्धा तास, ठरावीक पद्धतीने बोलले गेले. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा रुग्णांना पुन्हा इजा होऊन रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी आढळले. पुढे तिथल्या शल्यविशारदांच्या संघटनेने वरच्या दर्जाच्या अपघात केंद्रांना मान्यतेसाठी अशी विचारपूस सक्तीची केली. येल विद्यापीठातल्या २०१५च्या चाचणीत अफूवर्गीय व्यसनाच्या रुग्णांना आकस्मिक विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केले. महिन्याने त्यांच्यातले ७८ टक्के उपचारात टिकून होते. नुसता पत्ता हातात देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्केच टिकले. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून आकस्मिक विभाग असलेल्या रुग्णालयांवर असे उपचार सुरू करण्याची सोय ठेवण्याचे बंधन घातले. आपल्याकडचे व्यसन वेगळे, औषध वेगळे. म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. मात्र ‘नंतर तिकडे जा’ आणि ‘इथेच सुरू करू’ यांतला फरक कोणत्याही देशातल्या रुग्णाला लागू पडतो. दोनशे किलोमीटरच्या घरात अंतर असलेल्या सिरोंच्याहून गडचिरोलीला किंवा पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटणाऱ्या भामरागडहून नागपूरच्या मनोरुग्णालयात ‘जा’ म्हणण्याला तर काही अर्थच नाही.

मग कायदा नाही म्हणून हे होत नाही काय? इथे वाचकाने थोडे सावध व्हावे, कारण कायदा आहे. राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी नेहमी पुढे केले जाते. त्याच कलमाच्या सुरुवातीला सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे, याची आठवण कमी जणांना असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा खटल्यात आणि १९९६मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे, असा निर्वाळा दिला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याहून पुढे जातो. मानसिक आजाराच्या व्याख्येत तो दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरतो. कलम १८ सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क देते. कलम ३१ सरकारी रुग्णालयांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीची मानसिक आरोग्य सेवा देण्याचे प्रशिक्षण द्यायला सांगते. कलम ९४ तर कोणाही नोंदणीकृत डॉक्टरला जीव धोक्यात असताना बहात्तर तासांपर्यंत उपचार करण्याची मुभा देते. दारू सुटल्यावरचा सर्वांत धोक्याचा काळही साधारण तेवढाच असतो. कायदा करणाऱ्यांनी हा मेळ ठरवून घातला की नाही हे महत्त्वाचे नाही. तो जुळलेला आहे आणि वापरला जात नाही, हे महत्त्वाचे आहे.

वापरला का जात नाही, याचे उत्तर कायद्याच्या भाषेत आणि सरकारच्या घरवाटणीत सापडते. दारूचा पैसा उत्पादन शुल्क खात्याकडे येतो, गुन्हा गृह खात्याकडे जातो, व्यसनमुक्तीचे धोरण आणि संस्थांचे अनुदान सामाजिक न्याय विभाग पाहतो, आणि झटका आलेला माणूस सार्वजनिक आरोग्य विभागाच्या खाटेवर असतो. राज्याचे २०११चे व्यसनमुक्ती धोरण प्रामुख्याने प्रचाराभोवती आणि संस्थांभोवती फिरते. रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला ते ओळखत नाही. पैशाच्या बाजूनेही तीच तऱ्हा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, ही फार मोलाची गोष्ट. परंतु मोफत म्हणजे जे उपलब्ध आहे ते मोफत. नसलेली गोष्ट फुकट देण्यात कोणाचे औदार्य खर्ची पडत नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींमध्ये दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम यांना स्वतंत्र कलम आहे. आयुष्मान भारत योजनेनेही सुरुवातीपासून व्यसनमुक्ती पुनर्वसन बाहेर ठेवले. एक कायदा म्हणतो, व्यसन हा आजार आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे. दुसरा कागद म्हणतो, हा आजार सोडून बाकी सगळे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेची २०१२मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरुवात झाली, त्यांत गडचिरोली होता. नवी योजना इथून सुरू करण्याची परंपरा सरकारलाही अनोळखी नाही.

या पार्श्वभूमीवर मागणी आहे ती छोट्या आणि काटेकोर राज्य कायद्याची. नवा हक्क जाहीर करण्याची गरज नाही. असलेल्या हक्काला तारीख, वेळ आणि सही जोडायची आहे. अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला दारू-तंबाखूविषयी चार ठरलेले प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर नोंदले जावे. अवलंबित्वाची शंका असेल तर ठरावीक वेळेत शामक आणि थायामिन सुरू व्हावे, आणि ही औषधे ग्रामीण रुग्णालयापर्यंत कधीही संपू नयेत. रुग्ण घरी जाण्याआधी त्याच्याशी आणि त्याला चालत असेल तर घरच्यांशी समुपदेशकाने बोलावे. पुढच्या भेटीची तारीख, जागा आणि तिथे पोचवण्याची सोय रुग्णालयानेच करावी. या सर्वांची नोंदवही जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर तिमाहीला जाहीर करावी. नाकारलेल्या उपचाराची तक्रार कोणाकडे करायची, ते रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठीबरोबर माडिया आणि गोंडीतही लिहिलेले असावे. आणि उपचारासाठी दिलेली माहिती पोलिसांच्या पुराव्यापासून कायद्याने वेगळी ठेवावी. या शेवटच्या तरतुदीवाचून आधीच्या सगळ्या फुकट आहेत, हे पुढे येईलच.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारू नये. दुष्काळात कामाचा हक्क द्यायचे ठरले तेव्हा या राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला १९७७च्या कायद्याचे बळ दिले. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असा तो सरळ हिशेब होता. पुढे सारा देश त्या वाटेने गेला. दारूच्या बाबतीत हिशेब त्याहूनही सरळ आहे, कारण पैसा आणि इजा एकाच बाटलीतून येतात. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपयांची भर पडेल असा अंदाज सांगितला गेला. या वाढीव रकमेचा लहानसा ठरीव हिस्सा कायद्याने आकस्मिक विभागातल्या व्यसनोपचाराला बांधून द्यावा. तो गडचिरोलीसारख्या कोरड्या जिल्ह्यालाही मिळावा, कारण बंदीचा जिल्हा महसूल देत नसला तरी रुग्ण देतोच.

आता आक्षेप. पहिला सर्वांत जुना: स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या दुखण्यावर लोकांचा पैसा का? तो मनापासून विचारला जातो, आणि नवऱ्याच्या दारूने आयुष्य जळालेली बाई तो विचारते तेव्हा त्याला वजनही असते. पण रुग्णालय कोणत्या दुखण्याचा दोष आधी तपासते? हेल्मेट न घालता पडलेल्याचे टाके घातले जातात. खर्रा खाऊन तोंड न उघडणाऱ्याच्या कर्करोगावर सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया होते. रात्री अनवाणी शेतात गेलेल्याला सर्पदंशाची लस मिळते आणि चप्पल का घातली नाही असे कोणी विचारत नाही. शिवाय खर्च टळत नाहीच, तो फक्त महाग होतो. आज थायामिन नाकारलेला माणूस उद्या झटक्यात डोके फोडून घेतो, परवा यकृत निकामी होऊन अतिदक्षता विभागात येतो. राहता राहिली ती जळालेली बाई. तिला शिक्षेपेक्षा सुटका हवी असते, आणि तिच्या सुटकेची एक वाट त्याच्या उपचारातून जाते.

दुसरा आक्षेप बंदीच्या बाजूचा आहे आणि गडचिरोलीत तो गंभीरपणे घ्यावा लागतो. दारू बेकायदा असलेल्या जिल्ह्यात मद्यपींसाठी उपचाराचा कायदा करणे म्हणजे बंदी फसल्याची कबुली नव्हे काय? बंदी उठवू पाहणारे ही नोंदवही पुढे करून म्हणणार नाहीत काय, की पाहा, किती जण पितात? धोका खरा आहे. परंतु बंदी जितकी यशस्वी, तितकी उपचाराची गरज पहिल्या काळात जास्त, हे विसरून चालणार नाही. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला दुकानांना कुलपे लागली, त्या आठवड्यात ज्यांची रोजची बाटली तुटली त्यांच्या शरीराला मंत्रिमंडळाचा निर्णय कळण्याची सोय नव्हती. चोरटी दारू त्यांच्यापर्यंत आधी पोचणार, हे उघड होते. जो उपचार मिळाल्याने दारूबाहेर पडतो, तो चोरट्या दारूचा एक गिऱ्हाईक कमी करतो. बंदीसमर्थकांनी दुकानाविरुद्ध जेवढे ठराव केले, त्यातले थोडे रुग्णालयाच्या दारासाठी केले, तर त्यांचीच बाजू बळकट होईल. आणि बंदी उठवणाऱ्यांना तर तोंड लपवायला जागाच नाही. महसुलाचा युक्तिवाद करून दुकान उघडणाऱ्याने त्याच महसुलातून खाट द्यावी, हे ओघानेच आले.

तिसरा आक्षेप मोहाचा. माडिया-गोंड समाजात मोहाच्या दारूला पूजेत, लग्नात, मरणात जागा आहे. चार प्रश्न विचारणारा डॉक्टर साऱ्या समाजावर व्यसनीपणाचा शिक्का मारून मोकळा होईल, अशी भीती वाटणे समजण्यासारखे आहे. म्हणूनच प्रश्न ‘पितोस का’ असा नसावा. न प्यायल्यास हात थरथरतात का, सकाळी उठल्याबरोबर लागते का, ठरवूनही थांबता येत नाही का, असे ते असावेत. सणाला पिणारा आणि दारूवाचून दिवस न उजाडणारा यांत फरक आहे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांच्या आधीपासून कळते. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर नियंत्रणाचा अधिकार दिलाच आहे. उपचारानंतर माणूस ज्या गावात परत जाणार, त्या गावाला त्याच्या बरे होण्यात भाग देणे हे त्या अधिकाराचे स्वाभाविक पुढचे पाऊल आहे.

चौथा आक्षेप रुग्णालयातूनच येईल: डॉक्टर नाहीत, मनोविकारतज्ज्ञ तर मुळीच नाहीत, रात्रपाळीला एक सिस्टर आणि पन्नास रुग्ण. हे रडगाणे नाही, वस्तुस्थिती आहे. यावर उत्तर गोव्याने दिले. तिथे ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. समुपदेशन करणारे डॉक्टर वा मानसशास्त्रज्ञ नव्हते, थोडे प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती, आणि बैठका फार तर चार. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. शंभरातले दहा जास्त, हा काही चमत्कार नव्हे. पण मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत काहीच करता येत नाही, हे म्हणणे त्याने खोडून काढले. शामक सुरू करणे हे एमबीबीएस डॉक्टरचे काम आहे. त्यासाठी भिंतीवर लावलेला एक पानी तक्ता आणि फोनवर मिळणारा तज्ज्ञ पुरतो. बोलण्याचे काम तालुक्यातलाच प्रशिक्षित तरुण करू शकतो, आणि तो रुग्णाच्या भाषेत करू शकतो, जे नागपूरच्या तज्ज्ञाला जमणार नाही.

पाचवा आक्षेप या सर्वांहून नाजूक आहे. उपचाराच्या नावाने बळजबरी होईल, किंवा रुग्णालयात खरे बोलणारा थेट पोलीस ठाण्यात जाईल. या दोन भीतींपैकी एकही खरी ठरली, तर लोक रुग्णालयाकडे फिरकणार नाहीत आणि कायदा आपल्याच हाताने आपले दार लावून घेईल. बळजबरीवर २०१७च्या कायद्याने बांध घातला आहे. संमती हा नियम आणि जीवघेणी घडी हा अपवाद. तोही बहात्तर तासांचा, आणि नातेवाईक किंवा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. पोलिसांच्या भीतीवर उपाय अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात सापडतो. त्याचे कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. गांजा-अफूच्या बाबतीत संसदेने जे शहाणपण दाखवले, ते देशी दारूच्या बाबतीत विधानसभेने दाखवायला हरकत नसावी. अपघात, बलात्कार, खून अशा प्रकरणांत पोलिसांना कळवण्याचे डॉक्टरचे कर्तव्य तसेच राहील. ‘किती पितोस’ या प्रश्नाचे उत्तर मात्र केसपेपरवरून आरोपपत्रात जाता कामा नये.

शेवटचा आक्षेप थकलेल्या माणसाचा आहे: कायदे पुष्कळ झाले, कागदावरच राहतात, आणखी एक कशाला? २०१७च्या कायद्याची वाताहत पाहिली तर तो पटण्याजोगा वाटतो. परंतु त्याला उत्तर १९५९च्या त्याच रक्तचाचणीच्या नियमांत आहे, जिथून आपण निघालो. ते नियम कागदावर राहिले नाहीत. सहा दशकांहून अधिक काळ, वीज गेलेल्या ग्रामीण रुग्णालयातसुद्धा, रात्रीच्या दोन वाजता, एकट्या डॉक्टरने रक्त काढले आहे, कुपीला सील लावले आहे, फॉर्म भरून सही केली आहे. डॉक्टर तोच, सिस्टर तीच, खाटही तीच. तरी हे काम झाले, याचे कारण इतकेच की कोणी, केव्हा आणि कशावर सही करायची हे नियमाने ठरवून दिले होते, आणि न केल्यास विचारणारा कोणी होता. आपल्या रुग्णालयांना मद्यपीसाठी काही करता येत नाही, हा समज या एका फॉर्मने आधीच खोटा पाडला आहे. पुढची प्रकरणे औषधांच्या मात्रांपासून ग्रामसभेच्या ठरावांपर्यंत बरेच काही तपासतील, आणि त्यांतल्या काही मुद्द्यांवर वाचकाचे मतभेद होतील, व्हावेतही. ती वाचताना एवढेच ध्यानात असू द्यावे की मागणी एका जादा फॉर्मची आहे. पहिल्या फॉर्ममध्ये त्या माणसाच्या रक्ताचा नमुना जातो. दुसऱ्यात त्याला दिलेल्या औषधाची वेळ आणि पुढच्या भेटीची तारीख लिहायची आहे.